निमुळत्या पेटीचे आणि शिखराचे कोपरे दरवेळी का उघडतात?

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आत्याने देवघरावरचं शिखर पुसायला हात लावला आणि मला हाक मारली, "अरे, हा कळस हलतोय बघ." आठ बाजूंचं, सागवानाचं ते शिखर मीच दोन वर्षांपूर्वी करून दिलं होतं. बाहेरून सांधे असे घट्ट दिसत की बोट फिरवलं तरी कळू नयेत. शिखर उतरवलं, उलटं धरलं आणि आत मोबाइलचा टॉर्च मारला. आठही सांध्यांत आतल्या बाजूने वरपासून खालपर्यंत काळी रेघ होती. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा तिच्यात सहज शिरला. गोंदाने फक्त बाहेरच्या कडेला अगदी बारीक पट्टीत पकड घेतली होती. तीन सांधे सुटले होते, बाकीचे सुटायच्या बेतात होते.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या जी.आय.डी.सी. औद्योगिक वसाहतीत ड्राफ्ट्समन आहे आणि सुट्टीच्या दिवशी दांडिया बाजारातल्या घराच्या मागच्या पडवीत लाकूडकाम करतो. गणपतीच्या आधी महिनाभर ओळखीचे लोक मखराच्या उतरत्या बाजू, निमुळते चौरंग, खाली अरुंद आणि वर रुंद अशा कुंड्यांच्या पेट्या घेऊन येतात. कोन लावून कापायच्या विजेच्या करवतीला मिटर सॉ म्हणतात. प्रत्येकाचं म्हणणं एकच असतं: "मिटर सॉ चांगला आहे, ४५ वर नीट लावला, तरी कोपरा बसत नाही." मग पुट्टी भरतात, पॉलिश करतात आणि पुढच्या वर्षी तेच.

बाजू उभी असेल तरच ४५ बरोबर. बाजू जरा जरी कलली की दोन्ही कोन बदलतात, आणि ते दोन्ही एकाच कलाचे जोडीदार असावे लागतात. फट पडते ती बहुतेक वेळा ही जोडी फुटल्यामुळे.

जोडी म्हणजे काय, ते आधी बघू. मिटर म्हणजे करवतीचं टेबल डावी-उजवीकडे फिरवणं. त्याने फळीचा आकार ठरतो, म्हणजे खालची बाजू रुंद आणि वरची अरुंद. बेव्हल म्हणजे करवतीचं डोकं कलवणं. त्याने फळीच्या जाडीतला काप तिरका होतो आणि शेजारची फळी त्याला चिकटून बसते. चार उभ्या भिंतींच्या पेटीत मिटर ० आणि बेव्हल ४५. जमिनीवर सपाट ठेवलेल्या फोटोच्या चौकटीत मिटर ४५ आणि बेव्हल ०. निमुळती पेटी या दोघांच्या मधे कुठेतरी असते, म्हणून तिचे दोन्ही आकडेही मधलेच येतात. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं गणित घाबरवत नाही.

गणिताला दोनच गोष्टी लागतात: बाजू किती आणि बाजूचा कल किती. कल मी नेहमी उभ्या रेषेपासून धरतो. भिंतीसारखी सरळ उभी बाजू म्हणजे कल ०, जमिनीवर झोपलेली म्हणजे ९०.

टॅन(मिटर) = साइन(कल) × टॅन(१८० ÷ बाजूंची संख्या)

साइन(बेव्हल) = कोसाइन(कल) × साइन(१८० ÷ बाजूंची संख्या)

उजवीकडचा आकडा काढायचा आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर उलटा टॅन, उलटा साइन दाबायचा. त्याआधी एक खात्री करा: साइन ३० बरोबर ०.५ आलं पाहिजे. उणे ०.९८८ असं काही दिसलं तर कॅल्क्युलेटर अंशांत नाही, रेडियनमध्ये चालू आहे. माझ्याकडे आलेल्या दोन जणांचे "विचित्र कोन" एवढ्यानेच सुटले.

नेहमी लागणारे आकडे इथे देतो. पहिला मिटर, दुसरा बेव्हल, दोन्ही अंशांत.

चार बाजू: कल १० असेल तर ९.९ आणि ४४.१, कल १५ ला १४.५ आणि ४३.१, कल २० ला १८.९ आणि ४१.६, कल ३० ला २६.६ आणि ३७.८.

सहा बाजू: कल १० ला ५.७ आणि २९.५, कल १५ ला ८.५ आणि २८.९, कल २० ला ११.२ आणि २८.०, कल ३० ला १६.१ आणि २५.७.

आठ बाजू: कल १० ला ४.१ आणि २२.१, कल १५ ला ६.१ आणि २१.७, कल २० ला ८.१ आणि २१.१, कल ३० ला ११.७ आणि १९.४.

आता आत्याच्या शिखराचा दोष याच आकड्यांत बघा. कल २० अंश होता, बाजू आठ. मिटर मी ड्रॉइंगवरून काढला होता आणि तो ८.१ बरोबरच होता. बेव्हल मात्र ३६० भागिले ८, त्याचं अर्धं, म्हणून २२.५ लावला. उभ्या अष्टकोनी डब्याला तो बरोबर आहे, पण शिखराला २१.१ हवा होता. प्रत्येक कापात १.४ अंश जास्त, म्हणजे दर सांध्यात २.८ अंश. फळी १२ मिलीमीटर जाड होती, त्यामुळे आतल्या तोंडाला साधारण ०.६ मिलीमीटरची फट राहिली. बाहेरची टोकं एकमेकांना घट्ट टेकलेली, म्हणून बाहेरून काहीच दिसलं नाही.

कल कमी असला की मोह जास्त होतो. समजा कुंडीची पेटी वर ४०० मिलीमीटर, खाली ३०० आणि उभी उंची ३००. प्रत्येक बाजू ५० ने बाहेर जाते. ५० भागिले ३०० चा उलटा टॅन घेतला की कल ९.४६ अंश. मिटर येतो ९.३४, बेव्हल ४४.२३. बघणारा म्हणतो, "४४.२३ म्हणजे ४५ च की." पण १८ मिलीमीटर जाड फळीत त्या पाऊण अंशाने आत पाऊण मिलीमीटरच्या आसपास फट राहते. आणि कुंडीच्या पेटीत तर रोज पाणी पडतं.

मिटर पडताळायची एक सोपी रीत आहे, तिला टॅन-साइन काहीच लागत नाही. एका बाजूच्या फळीची रुंद कड आणि अरुंद कड यांच्यातला फरक घ्या, निम्मा करा आणि फळीच्या तिरक्या उंचीने भागा. हा मिटरचा टॅन. वरच्या कुंडीत तिरकी उंची ३०४ मिलीमीटर भरते, ५० भागिले ३०४, झाला मिटर. शिखराची फळी खाली १२० आणि वर २० होती, तिरकी उंची ३५३. ५० भागिले ३५३ केलं तरी तेच ८.१. इथे तिरकी उंची हवी, उभी नाही. फळीवर पेन्सिलने या दोन खुणा करून रेघ ओढली आणि करवतीचा काप त्या रेघेवर पडला, तर मिटर बरोबर.

आता कल मोजण्यातली चूक. ही फार फसवी, कारण तिच्यात फट पडतच नाही.

एकदा मी तयार मखराची नक्कल करत होतो. फिरत्या पायाचा गुण्या मखराच्या कोपऱ्यावर लावला, कोन घेतला, गणित केलं, आठही काप मारले. सांधे सुरेख बसले, पण मखर भलतंच पसरट झालं आणि उंचीला कमी पडलं. रावपुऱ्यात आमचे एक सुतारकाका आहेत. त्यांचे वडील कलाभवनात शिकले होते. सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेली ती संस्था आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी विभागाचा भाग आहे. काकांना मखर दाखवलं. त्यांनी गुण्या हातात घेतला, कोपऱ्यावरून उचलला आणि बाजूच्या मधोमध ठेवला.

"कोपरा मोजलास. बाजू कुठे मोजलीस?"

"काका, कोपरा म्हणजे बाजूचीच कड ना?"

"कोपरा दोन्हीकडे कलतो. बाजू एकीकडेच."

त्यांनी सांगितलं ते गणितात असं बसतं: चौकोनी पेटीत बाजूचा कल १५ असेल तर कोपऱ्याच्या कडेचा कल पावणेएकवीस भरतो. मी पावणेएकवीसची जोडी काढली, म्हणून काप एकमेकांशी जुळले. फक्त पेटी दुसऱ्याच आकाराची झाली. तेव्हापासून मी नेहमी बाजूच्या मध्यावर, तळाच्या कडेशी काटकोनात गुण्या लावूनच कल घेतो.

कल जमिनीपासून मोजून तोच आकडा सूत्रात टाकला तरी असंच होतं. उभ्या रेषेपासून १५ म्हणजे जमिनीपासून ७५. सूत्रात ७५ टाकले तर १४.५ आणि ४३.१ च्या जागी ४४.० आणि १०.५ येतात. काप जुळतात, पण पेटीऐवजी पसरट परात तयार होते. मिटरचा आकडा बेव्हलपेक्षा खूप मोठा आला आणि पेटी मात्र जवळजवळ उभीच हवी होती, तर लगेच थांबा आणि कल पुन्हा बघा.

तिसरी गल्लत करवतीच्या आकड्यांची. कोनमापकावर सरळ काप ९० दिसतो, करवतीवर तोच ० असतो. फळीवर कोनमापकाने ८०.७ मोजला असेल तर करवतीवर ९.३ लावायचा.

कल आणि गणित बरोबर असूनही फट आली, तर ती फट नीट बघा. कुठे काय बिघडलं ते तीच सांगते. गोंद न लावता नुसत्या चिकटपट्टीवर पेटी उभी करा आणि आतून टॉर्च मारा.

बाहेरच्या कडेला फट आणि आत फळ्या टेकलेल्या, तर बेव्हल कमी पडला. उलट बाहेर घट्ट आणि आत फट, तर बेव्हल जास्त झाला. पहिल्यात करवत गुन्हेगार असण्याची शक्यता जास्त. बेव्हल थांबवायच्या बोल्टाच्या तोंडाशी लाकडाचा भुसा साचतो आणि ४५ ची खूण दिसत असताना डोकं ४४.५ लाच थांबतं. आमच्या पडवीतल्या करवतीत हे दोनदा झालं. ब्रशने ती खाच साफ केली आणि फट गेली. दुसऱ्या प्रकारात बहुधा माणूसच असतो, माझ्यासारखा, उभ्या पेटीचा बेव्हल कलत्या पेटीला लावणारा.

पेटी टेबलावर उभी केली की सांधा वर मिटतो आणि खाली उघडतो, किंवा काठावर शेजारच्या दोन फळ्या पायरीसारख्या वरखाली दिसतात, तर बेव्हलला हात लावू नका. डाव्या आणि उजव्या टोकाचा मिटर सारखा नाही, किंवा फळ्यांच्या लांब्या सारख्या नाहीत. समोरासमोरच्या दोन फळ्या एकमेकींवर ठेवा, नखाने कड तपासा. अर्धा मिलीमीटरसुद्धा नखाला कळतो. मग डाव्या-उजव्या बाजूला टेबल तेवढंच फिरतं का ते बघा.

ते बघायला मिटर ० वर ठेवून सरळ, रुंद फळी मधोमध कापा. एक तुकडा वरखाली पलटा आणि दोन्ही तुकडे एकाच सरळ पट्टीला टेकवून कापलेली तोंडं जुळवा. चूक असेल ती दुप्पट होऊन डोळ्यांना दिसते. बेव्हल तपासायला मी चुंबकाने पात्याला चिकटणारा डिजिटल अँगल गेज वापरतो. आधी करवतीच्या टेबलावर ठेवून शून्य करायचा, मग पात्याला लावायचा. गेज चिकटवताना करवतीचा प्लग काढलेला असू द्या. पात्याच्या दातांना नाही, सपाट अंगाला लावा. ०.१ अंशाचा फरक चालतो. १८ मिलीमीटरच्या फळीत सांध्याला एक दशांश मिलीमीटरही येत नाही, गोंद तेवढं भरून काढतो. पण करवतीच्या छापील पट्टीवर २१.१ आणि २२ मधला फरक डोळ्यांनी पकडता येत नाही, म्हणून गेजवर खर्च करा असं मी प्रत्येकाला सांगतो. नवं पातं नंतर घेतलं तरी चालेल.

करवतीवर ३१.६ आणि ३३.९ अशा वेगळ्या खुणा बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. लोक विचारतात, हे विचित्र आकडे कशाचे? छत आणि भिंत यांच्या कोनात तिरकी लावायची लाकडी पट्टी असते. अमेरिकेत ती बऱ्याच घरांत असते आणि बहुतेक वेळा भिंतीपासून ३८ अंश कललेली असते. वरच्या सूत्रात बाजू चार आणि कल ३८ टाकून बघा. मिटर ३१.६ आणि बेव्हल ३३.९ येतात. म्हणजे ही जोडी कारखान्याने आधीच काढून दिलेली आहे. सूत्र आपण बरोबर वापरतोय का, हे तपासायला यापेक्षा सोपं उदाहरण मला सापडलं नाही.

गणित आणि करवत दोन्ही बरोबर असूनही काप बिघडतो तो बऱ्याचदा फळी सरकल्यामुळे. दोन्ही कोन लावलेले असले की पातं फळीला कुंपणाच्या, म्हणजे करवतीवर फळी टेकवायच्या उभ्या पट्टीच्या, कडेकडेने खेचतं, हाताला कळत नाही. कुंपणाला बारीक सॅण्डपेपर चिकटवा आणि फळी शिकंज्याने आवळा. छोट्या तुकड्याला बोटांनी धरू नका. डोकं सावकाश खाली आणा. जाड सागवानात जोर लावला तर पातं वाकतं आणि काप मधे पोकळ होतो, मग दोन्ही टोकं घट्ट आणि मधे फट. काप झाला की पातं पूर्ण थांबेपर्यंत डोकं वर उचलू नका, नाहीतर परत येताना ते कापलेलं तोंड खरवडतं. डोकं कलवायच्या आधी कुंपणाचा वरचा भाग बाजूला सरकवलाय ना, ते प्लग लावायच्या आधीच हळूच खाली आणून बघा.

बऱ्याच करवतींचं डोकं एकाच बाजूला, डावीकडे, कलतं. मग फळीची दोन टोकं कशी कापायची? फळी डाव्या हाताला, बाहेरचं तोंड खाली. पहिलं टोक कापा. आता फळी न उलटता टेबलावरच अर्धी फिरवा, म्हणजे कुंपणाशी आधी रुंद कड असेल तर आता अरुंद कड येईल. मिटर तेवढ्याच आकड्यावर दुसऱ्या बाजूला न्या. बेव्हल जसाच्या तसा. तोंड वरखाली उलटलं की बेव्हल चुकीच्या बाजूला पडतो. नव्या माणसाची फळी वाया जाते ती इथेच. प्रत्येक फळीच्या बाहेरच्या तोंडावर खडूने फुली मारा. सगळ्या फळ्यांची पहिली टोकं आधी कापून घ्या, मग कुंपणाला ठोकळा अडकवून सगळ्यांची दुसरी टोकं. अशाने लांब्या सारख्या येतात.

पहिली पेटी चांगल्या लाकडाची नव्हे, नेहमी टाकाऊ प्लायच्या तुकड्यांची करा. चार-आठ तुकडे, दहा मिनिटं. सागवान वखारीतून आणल्यावर निदान पंधरा दिवस घरात उभं ठेवा. बडोद्यात मे महिन्यात हवा कोरडी खणखणीत असते आणि श्रावणात भिंतीलाही ओल येते. सांधा जोडताना नीट असून नंतर उघडला, तर कधी उघडला ते आठवा. फोटोच्या चौकटीसारख्या सपाट सांध्यात हे स्पष्ट दिसतं. लाकूड सुकून आकसलं तर फट आतल्या कोपऱ्यात पडते, पावसाळ्यात फुगलं तर बाहेरच्या. या फटीवर कोनाचं गणित पुन्हा करून उपयोग नाही.

रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात गेलो की मी लाकडाचेच सांधे बघत राहतो. एकोणिसाव्या शतकातला तो वाडा, दिवाण भाऊ तांबेकरांचा. डिजिटल गेज तेव्हा कुठला! आमचे काका आजही कॅल्क्युलेटर घेत नाहीत. जमिनीवर खडूने पूर्ण मापाचं चित्र काढतात, तिरकी उंची टेपने घेतात आणि गुण्या चित्रावरूनच लावतात. त्यांचा मिटर माझ्या सूत्राशी पाव अंशाच्या आत जुळतो. ज्यांना टॅन-साइन नको वाटतं त्यांनी खुशाल त्यांची रीत धरावी, फक्त चित्र पूर्ण मापाचं हवं. कमी मापाच्या चित्रात पेन्सिलच्या रेघेची जाडीही चूक वाढवते.

जोडायची वेळ आली की फळ्या फुलीचं तोंड वर करून ओळीने मांडा, कडेला कड लावून. प्रत्येक सांध्यावर आडव्या चिकटपट्ट्या ताणून लावा. सगळी ओळ अलगद उलटी करा. आता आतले तिरके काप उघड्या खाचांसारखे दिसतील. गोंद न लावता एकदा गुंडाळून बघा. शेवटचा सांधा हाताच्या हलक्या दाबाने मिटला पाहिजे. जोर लावावा लागला तर गोंदाची बाटली बंद ठेवा आणि बेव्हल तपासा. चार बाजूंच्या पेटीत आठ काप असतात, आठ बाजूंच्या शिखरात सोळा, आणि सगळ्या छोट्या चुका शेवटच्या सांध्यात येऊन साचतात. नीट मिटला तर उघडा, प्रत्येक खाचेत गोंद लावा, पुन्हा गुंडाळा आणि वरून दोरी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा आवळा.

तळ टेकवायची एक गोष्ट राहते. कललेल्या फळीची खालची कड काटकोनात असेल तर पेटी फक्त एका धारेवर उभी राहते. ती कड कलाएवढ्याच बेव्हलवर कापावी लागते. कुंडीला ९.५, शिखराला २०. काप मारायच्या आधी, लांब फळी असतानाच ही कड काढून घ्या. नंतर रंध्याने करायला गेलं की कोपऱ्याच्या टोकाशी लाकूड हमखास तुटतं.

आत्याचं शिखर मी जानेवारीत नव्याने कापलं, २१.१ वर. या वेळी गोंद लावायच्या आधी आत टॉर्च मारला तेव्हा काळी रेघ कुठेच नव्हती.